पेढीवरची शिकवण आणि पेढीबाहेरचे पाऊल



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने योजलेल्या या व्याख्यानाचा विषय आहे, 'उद्योजक कसा घडतो?' समाजातील कोणत्याही लग्नकार्यात चार वडीलधारी मंडळी एकत्र बसली की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'व्यापार आपल्या रक्तातच आहे.' या वाक्यात अभिमान पुष्कळ आहे. विचार मात्र थोडा कमी आहे. उद्योजकता रक्तातच असती, तर प्रत्येक गावच्या कापडबाजारातून एकेक वालचंद निघाला असता. तसे झालेले नाही. एकाच गल्लीत, एकाच धंद्यात, सारख्याच भांडवलावर बसलेल्या पन्नास दुकानदारांपैकी एखादाच उठून नव्या वाटेने गेला आणि उरलेले एकोणपन्नास, तेही तितकेच कष्टाळू आणि प्रामाणिक, जागच्या जागी राहिले. तो एक का उठला, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम व्यापारी आणि उद्योजक यांतील अंतर ध्यानात घ्यावे लागेल. तयार माल आणून तो गिऱ्हाइकापर्यंत पोचविणे हा व्यापार. जो माल किंवा जी सोय कालपर्यंत नव्हती ती उभी करणे, आणि तिच्यापायी स्वतःची पत व झोप दोन्ही गहाण टाकणे, हा उद्योग. व्यापार कमी प्रतीचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट उद्योगाला लागणारे बरेचसे शिक्षण व्यापाराच्या पेढीवरच मिळत आले आहे.

ते शिक्षण कसे मिळे, हे आज पन्नाशी ओलांडलेल्यांना सांगण्याची गरज नाही. पण तरुणांसाठी सांगितले पाहिजे. शाळा सुटल्यावर दप्तर गल्ल्यामागे टाकून दहा-बारा वर्षांचा मुलगा दुकानात बसे. आधी ठाणाची घडी घालायची. मग कापड दोन बोटांत धरून सूत ओळखायचे. मग गिऱ्हाईक ओळखायचे, आणि हे काम सर्वांत कठीण. खेड्यावरून लग्नाचा बस्ता काढायला पंधरा-वीस माणसे येत. पैसे वधूपित्याच्या कनवटीला असत, पण निर्णय असे तो कोपऱ्यात गप्प बसलेल्या एखाद्या आत्याबाईंच्या हाती. हे ज्या मुलाला न सांगता कळले, तो पुढे बँकेच्या व्यवस्थापकासमोर बसला काय आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर उभा राहिला काय, नेमके कोणाशी बोलायचे ते त्याला उमगत असे.

संध्याकाळी चोविहार आटोपून मुनीमजी पुन्हा गादीवर येत आणि रोकड मिळवायला बसत. किर्द आणि खतावणी यांच्यात पाच रुपयांचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत कोणी उठत नसे. पाच रुपये खिशातून टाकून मोकळे होणे सोपे होते. परंतु ते करायचे नाही, हाच तर धडा होता. वाणिज्य शाखेच्या पदवीला तीन वर्षे लागतात आणि त्यांत जमाखर्चाचे नियम उत्तम शिकविले जातात. मात्र न जुळणारी शिल्लक पोटात कशी टोचते, हे त्या गादीवरच कळे.

तिसरी गोष्ट उधारीची. सुगी आल्यावर पैसे देईन, असे सांगून शेतकरी माल नेई. पाऊस दगा देई, तेव्हा त्याची आणि दुकानदाराची काळजी एकच होऊन जाई. कोणाला मुदत वाढवून द्यायची आणि कोणाच्या दारात दुसऱ्याच दिवशी जाऊन उभे राहायचे, हे पुस्तकात लिहिलेले नसते. दुकानदाराची स्वतःची उधारीही अशीच सुरत, अहमदाबाद, मालेगाव, इचलकरंजी येथील व्यापाऱ्यांकडे चाले, केवळ शब्दावर. या शब्दालाच बाजारात पत म्हणतात. भांडवल वारशाने मिळते, पत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.

समाजाचा कल कापड, सराफी, सावकारी आणि दलाली या धंद्यांकडे झुकला, त्यामागे धर्माचाही भाग आहे. श्वेतांबर परंपरेत श्रावकाच्या सातव्या व्रताच्या संदर्भात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. ज्या धंद्यांत जीवहिंसा अधिक, ते श्रावकाने टाळावेत असा त्यांचा आशय. जंगलतोड, विष, हस्तिदंत, जमीन खोदणे, यंत्राने पिळणे असे कितीतरी व्यवसाय त्यांत येतात. ते वगळले की जे उरते, त्यांत हिशेब, विश्वास आणि नाणे यांचेच धंदे अधिक. तथापि 'जैन म्हणजे दुकानदार' हेही पूर्ण सत्य नव्हे. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या भागांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा मोठा जैन समाज आहे. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्यातलेच. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी एके काळी ओगले यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रेता म्हणून काम केले होते, हे कमी जणांच्या ध्यानात असते. लोखंडी नांगर जमिनीला बाधतो असे मानणाऱ्या शेतकऱ्याला तोच नांगर विकायचा, म्हणजे आधी त्याच्या ओसरीवर बसून त्याचे सारे म्हणणे ऐकून घ्यायचे. त्या भ्रमंतीत ज्याने खेडे पाहिले, त्याने १९१९ मध्ये संस्था काढली आणि ती पुढे महाराष्ट्रभर पोचली. यात नफा नव्हता. उद्योजकता मात्र पुरेपूर होती.

आता वालचंद हिराचंद यांच्याकडे वळू. त्यांचे नाव समाजात इतक्यांदा घेतले जाते की त्यांची खरी गोष्ट मागे पडली आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दोशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारी असे घरचे दोन धंदे होते. वडील हिराचंद नेमचंद धर्मसुधारणेत रस घेणारे विद्वान गृहस्थ. 'जैन बोधक' हे मासिक त्यांनी सुरू केले. मुलाने मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेतले, पण पदवी न घेताच तो घरच्या व्यवसायात आला. इथपर्यंत त्या काळच्या कोणत्याही सुखवस्तू घरासारखेच घडले.

वेगळे घडले ते पुढे. पेढीवरच्या कामात वालचंदांचे मन रमेना. त्यांनी हात मिळविला तो लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांशी. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. ना ते व्यापारी घराण्यातले, ना त्यांच्याजवळ भांडवल. पण लोहमार्गाचे काम कसे निघते, मातीकामाचा दर कसा बसतो, साहेबाच्या टेबलावर कागद कसा सरकतो, हे त्यांना ठाऊक होते. बार्शी लाइट रेल्वेच्या एका टप्प्याच्या कामापासून 'फाटक-वालचंद' ही जोडी रेल्वे कंत्राटदार म्हणून पुढे आली. सोलापूरच्या सावकार घरातील मुलाने कंत्राटदार होणे, आणि तेही एका कारकुनाच्या भागीदारीत, ही त्या काळी सहज पचणारी गोष्ट नसावी.

सर्व कहाणीत ही भागीदारीच सर्वांत मोलाची आहे. वालचंदांनी पुढे जे जे केले, त्यात हाच क्रम दिसतो : स्वतःला जे येत नाही ते ज्याला येते तो माणूस शोधायचा, त्याची जात-पात, घराणे न पाहता त्याच्यासोबत बसायचे, आणि पेढीवर मिळालेली पत व हिशेबाची शिस्त त्या कामाच्या पाठीशी उभी करायची. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' ही बोट विकाऊ होती. युद्धकाळात ती इस्पितळ म्हणून वापरलेली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आदींसह वालचंदांनी ती घेतली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरहून समुद्र किती दूर, हे सांगायला नको.

ती सफर भाग्याची ठरली असे मात्र समजू नये. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी दर पाडून जी कोंडी केली, तिच्यामुळे १९२३ मध्ये सिंदियाला करार करून किनारपट्टीच्या वाहतुकीवर समाधान मानावे लागले. बुडण्यापेक्षा थांबणे बरे, ही अक्कल पेढीचीच. दुसरीकडे बांधकाम चालूच होते. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी. (बोगदा फोडणे हे कर्मादानातील 'स्फोटकर्मा'त मोडते की नाही, याचा निवाडा शास्त्राच्या जाणकारांनी करावा. धर्मविद्वान वडिलांच्या या मुलाने त्याचा विचारच केला नसेल, असे मानणे कठीण आहे.) पुढे नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील कळंब, म्हणजे आजचे वालचंदनगर, येथे माळरानावर ऊस आणि साखर आली. १९३९ मध्ये एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी योगायोगाने ओळख झाली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी १९४१ मध्ये झाली आणि १९४८ मध्ये तेथून 'जलउषा' पाण्यात उतरली. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली.

यांतील विमान कारखाना १९४२ मध्येच सरकारने ताब्यात घेतला. जहाजाचा कारखानाही पुढे सरकारकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी सुरू केलेल्या मोठ्या कामांपैकी काही त्यांची उरली नव्हती. काम उभे राहावे, पण आपल्या मालकीचे राहू नये, हे दुःख दुकानदाराला परिचित नसते.

ज्यांना घरचा धंदा सोडायचा नाही, त्यांच्यासाठी शेठ कस्तुरभाई लालभाई यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १८९४ साली अहमदाबादेत जन्म. १९१२ मध्ये वडील वारले तेव्हा कस्तुरभाई सतरा वर्षांचे, महाविद्यालयात नुकतेच गेलेले. शिक्षण सोडून त्यांना रायपूर मिलमध्ये यावे लागले. मालकाच्या मुलाने खुर्चीत बसावे, सह्या कराव्यात, अशी सोय होती. त्यांनी कापूस खरेदीचे काम शिकून घेतले. कापूस जिथे पिकतो तिथे जाऊन, धागा ओढून पाहून, दर ठरवून. कापड धंद्यातील माणसाला याचे मर्म चटकन कळेल : सुताच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा कापसाचा, तेव्हा तिथे चूक झाली तर पुढे मागावर आणि बाजारात कितीही कसब दाखवून ती भरून निघत नाही. १९३१ मध्ये स्वदेशीच्या लाटेत, परदेशी तलम कापडाला तोड देणारे कापड इथेच विणावे म्हणून, लालभाई बंधूंनी अरविंद मिल काढली. स्वातंत्र्यानंतर गुजरातेत वलसाडजवळ अतुल येथे रंग-रसायनांचा कारखाना आला. कापडाला रंग लागतो, तो परदेशातून येतो, मग तो येथे का होऊ नये, इतका तो विचार सरळ होता. याच गृहस्थांनी आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा दीर्घकाळ वाहिली आणि राणकपूर-देलवाड्याच्या जीर्णोद्धारात लक्ष घातले, हे सर्वज्ञात आहे.

जळगावचे भवरलाल जैन यांची पार्श्वभूमी आणखी निराळी. १९३७ साली जामनेर तालुक्यातील वाकोद या खेड्यात, मारवाडातून आलेल्या शेतकरी घरात जन्म. वाणिज्य आणि कायद्याच्या पदव्या घेतल्यावर राज्यसेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी अधिकारपद समोर आले. आजच्या कोणत्याही घरात अशा वेळी पेढे वाटले जातील. त्यांनी आईचा सल्ला घेतला आणि नोकरी नाकारली. १९६३ मध्ये घरच्या पिढ्यांची साठलेली सात हजार रुपयांची पुंजी घालून त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. मग ट्रॅक्टर, तुषार सिंचन, पाइप, खते, बियाणे यांच्या एजन्सी आल्या. पंधरा वर्षे ते दुसऱ्यांचाच माल विकत होते, हे विसरता कामा नये. पण विकता विकता ते शेतकऱ्याची नड शिकत होते. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक आजारी कारखाना त्यांनी तीस लाख रुपयांना घेतला आणि तिथे कच्च्या पपईच्या चिकातून पपेन काढण्याचा उद्योग उभा केला. पुढे पीव्हीसी पाइप आणि त्यानंतर ठिबक सिंचन. पाइप विकणाऱ्याला जे अवर्षण दुकानाच्या काउंटरवरून दिसत होते, त्यावरचा उपाय त्याने कारखान्यात तयार केला.

१९९० नंतरच्या दशकात कंपनीने वित्तव्यवसाय, माहिती तंत्रज्ञान अशा अनोळखी क्षेत्रांत हात घातला आणि मोठी ठेच खाल्ली. ती पुन्हा शेतीकडे वळली तेव्हा सावरली. भवरलालजींचे २०१६ मध्ये निधन झाले. त्यानंतर २०१९ मध्येही कंपनीवर कर्जफेडीचे संकट आले होते. हे सांगायचे ते एवढ्यासाठी की समाजात यशाचेच सत्कार होतात आणि तरुणांना वाटते, मोठ्यांची वही नेहमी जमेचीच असते.

वही नेहमी जमेची असावी, या हट्टापायीच सट्टा जन्मतो. सुरतेचे शेठ प्रेमचंद रायचंद यांच्याइतका बाजार कळणारा माणूस त्या काळच्या मुंबईत दुसरा नसेल. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे मोल आले आणि शेअरचा ज्वर चढला. १८६५ मध्ये यादवी संपली आणि बॅक बे रेक्लेमेशनचे शेअर कवडीमोल झाले, बँका बुडाल्या. राजाबाई टॉवर पाहताना प्रेमचंदांचे औदार्य आठवावे, तसेच १८६५ सालही आठवावे. उद्योजक धोका पत्करतो तो मालाच्या, माणसांच्या आणि स्वतःच्या श्रमाच्या भरवशावर. केवळ भावाच्या भरवशावर बसलेला माणूस उद्योजक नव्हे, त्याच्याजवळ कितीही धाडस असले तरी.

इथवर सारी पुरुषांची नावे आली. ती तशी यावीत याचे कारण दुकानाच्या पाटीवरच लिहिलेले असते : 'अँड सन्स'. भगिनींच्या हाती स्वयंपाकघर होते, आणि तेही एक कौशल्याचे आगर आहे हे मुंबईच्या गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी दाखविले. १५ मार्च १९५९ रोजी त्यांनी गच्चीवर बसून पापडांची चार पाकिटे केली. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. लिज्जतचा विस्तार आज देशभर आहे. पण त्या आरंभीच्या दिवसांत भगिनी दोन प्रतीचे पापड करीत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी त्यांना सांगितले की एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख लिहा. पापड लाटण्याचा हात त्या भगिनींजवळ होताच. त्याला पेढीची शिस्त जोडली गेली आणि उद्योग उभा राहिला. ज्या घरांतून आज मुली सनदी लेखापाल होत आहेत, त्या घरांत दुकानाच्या किल्ल्या अजूनही मुलाकडेच का जातात, याचे उत्तर उपस्थित बांधवांनी आपापल्या घरी द्यावे.

आता मुळाशी येऊ. या सर्वांजवळ पेढीचे शिक्षण कोणत्या ना कोणत्या रूपाने होते, आणि सर्वांनी ते पेढीबाहेर नेले. कारण पेढी जसे शिकविते तसे बांधूनही ठेवते. गेल्या दिवाळीला जे खपले तेच पुन्हा मागवावे, ओळखीच्या गावांपलीकडे उधारी देऊ नये, आणि घराण्याचे नाव खाली जाईल असे काही करू नये. दुकान टिकते ते या तीन सवयींवर. आणि नवे पाऊल अडते तेही यांच्यामुळेच.

आजची अडचण याहून खोल आहे. पूर्वी मुलाला पेढीबाहेर काढण्याचा प्रश्न होता. आता मुलगा पेढीवर येतच नाही. दहावीपासून शिकवण्या, मग पुणे किंवा बंगळूर, मग पगाराचे पॅकेज. त्यात गैर काहीच नाही; ऑनलाइन विक्री आणि मोठ्या मॉलांपुढे गल्लीतले कापड दुकान कसे टिकते, हे पाहणारा कोणताही बाप मुलाला नोकरीच कर म्हणेल. पण त्यामुळे माणूस ओळखण्याची, शिल्लक जुळवण्याची आणि शब्द पाळण्याची जी शाळा समाजाने शतकानुशतके फुकट चालविली, ती एका पिढीत बंद पडत आहे. समाजातील ट्रस्टांच्या शिष्यवृत्त्या पदव्यांसाठी असतात. या शाळेसाठी कोणाची शिष्यवृत्ती नाही.

जुनी रीत अशी होती की मुलाला आधी वडिलांच्या नव्हे, तर दुसऱ्याच्या पेढीवर दोन-तीन वर्षे बसवीत. बापाच्या दुकानात तो पहिल्याच दिवशी शेठ होतो. ही रीत ट्रस्टला आजही चालविता येईल. कारखाना, वर्कशॉप, शेतीमालाची प्रक्रिया, औषधनिर्मिती अशा ठिकाणी मुला-मुलींना बसविता येईल, आणि तिथले मालक समाजाबाहेरचे असले तर अधिकच बरे. वालचंदांना फाटक समाजाबाहेरच भेटले. त्यापुढचा भाग कर्जाचा. छोटे बिनव्याजी कर्ज पुष्कळ ठिकाणी दिले जाते, पण ते बुडाले की त्या तरुणाची पत कायमची जाते, त्याच्या बहिणीच्या सोयरिकीतही ते निघते. विश्वस्तांनी अशा वेळी त्याची वही मागवावी. माल खपला नाही म्हणून पैसे गेले असतील, आणि रोजची रोकड लिहिलेली असेल, घेणेकऱ्यांची नावे लपविलेली नसतील, तर त्याच तरुणाला दुसरे कर्ज मंजूर करावे आणि तसा ठराव सभेत सर्वांसमक्ष वाचून दाखवावा.

जय जिनेंद्र.